दुसऱ्या मजल्याचं दार

"ते आमच्याकडं येत नाही," असं कुणी म्हणालं, की ती आधी हातातला टेस्टर खिशात घालायची. हात मोकळे करून घ्यायची. मग अगदी शांतपणे विचारायची, "मग कुनाकडं येतं?"

प्रश्न साधा आहे. पण आमच्या दवाखान्यात तो विचारायची पद्धत नव्हती. तुम्ही कुठल्या मोठ्या इमारतीत नोकरी केली असेल, निदान पेशंट घेऊन बसला असाल, तर तुम्हाला हे ठाऊक असेल. नळाला पाणी नाही म्हणावं तर पंपवाला म्हणतो लाइटवाल्याला विचारा. लाइटवाला म्हणतो जनरेटरवाल्याला विचारा. जनरेटरवाला जेवायला गेलेला असतो. तोवर तुमची टाके घातलेली बाळंतीण कोरड्या नळाखाली बादली धरून उभी असते आणि तिची सासू मला शिव्या देत असते.

मी बाळंतिणींच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. आमचा दवाखाना एका ट्रस्टचा, वडवणीहून बीडकडं जाणाऱ्या रस्त्यावर. जुनी बैठी इमारत पाडून नवी चकचकीत बांधली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. लिफ्ट, जनरेटर, ऑपरेशन थिएटरचा एसी, आगीची घंटा, सगळं नवं कोरं. फक्त प्रत्येक वस्तू वेगळ्या ठेकेदाराकडून घेतलेली, आणि एका वस्तूला दुसरीचा पत्ता नाही.

एकदा सिझर चालू असताना लाइट गेली. जनरेटर लागला. पण त्याच क्षणी लिफ्ट उठली, पाण्याचा पंप उठला, तळमजल्यावरचे सगळे एसी उठले, आणि जनरेटर धापा टाकून बंद पडला. डॉक्टरीणबाईंनी मोबाइलच्या उजेडात टाके घातले. मोबाइल मी धरला होता. बाई वाचली, बाळ वाचलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळे ठेकेदार हात झटकून मोकळे झाले. माझी मशीन ठीक आहे, असं प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगत होता. आणि खरंच, प्रत्येकाची मशीन ठीक होती. त्यामुळंच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर ट्रस्टनं तिला आणलं.

बुटकी, काळीसावळी, तिशी ओलांडलेली. सलवारीवर पुरुषी निळा शर्ट, आणि डाव्या मनगटात बांगड्यांच्या जागी काळ्या टेपचं रीळ. पहिल्या दिवशी ती जनरेटरच्या खोलीत शिरली तेव्हा बाहेर बसलेल्या ठेकेदाराच्या माणसांत कुजबुज झाली, "कोन हाय बे ही?" तिनं आतूनच उत्तर दिलं, "तुमच्या जनरेटरची मावशी. या आत, फिल्टर कवा साफ केलता ते सांगा."

तिचे वडील तलवाड्याकडं मेंढरं राखायचे. ती बीडला डिप्लोमा शिकली, मग पुण्यात काचेच्या मोठ्या ऑफिसच्या इमारतींत कंट्रोल रूम सांभाळत होती. चांगला पगार सोडून इकडं कशाला आलीस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तितं एसी बंद पडला की सायबांना घाम यायचा. हितं लाइट गेली तर बाई मरती. घामासाठी किती पळायचं, सिस्टर?"

यंत्राशी बोलायच्या आधी ती त्याच्यावर थाप मारायची. पंपावर, पॅनेलच्या डब्यावर, लिफ्टच्या दारावर. वडलांची सवय. मेंढराच्या पाठीवर हात ठेवला की त्याला कसकस आहे का ते कळतं म्हणायची. पंपाला कसकस येते का, असं मी चेष्टेनं विचारलं. "येती की. लई येती. तुमी हात लावून बगा." मी लावला. गरम होता. मला एवढंच कळलं.

तिनं काय केलं ते मी माझ्या अडाणी भाषेत सांगते. तिनं सगळ्यांना एकमेकांची ओळख करून दिली. जिन्याखालच्या खोलीत एक स्क्रीन बसवला आणि लिफ्ट, पंप, जनरेटर, एसी, आगीची घंटा, सगळ्याची खबर तिथं आणली. ठेकेदार अडवायचे. आमच्या मशीनला हात लावला तर गॅरंटी जाईल, म्हणायचे. ती त्यांच्या दारात जाऊन बसायची. ओरडायची, भांडायची, एकदा तर एकाच्या गाडीपुढं उभी राहिली आणि वायरीचा नकाशा घेतल्याशिवाय हलली नाही.

हे जुळल्यावर पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा लिफ्ट जवळच्या मजल्यावर जाऊन दार उघडून गप्प उभी राहिली. पंप थांबला. आधी थिएटरला वीज गेली, मग वॉर्डांना, मग बाकीच्यांना. डॉक्टरीणबाई ऑपरेशन संपवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज लाइट नाही गेली वाटतं." ती जिन्याखालून ऐकत होती. एवढी खूश मी तिला पुन्हा पाहिली नाही.

आता दाराचं सांगते, कारण सगळं रामायण त्या दारावरून झालं.

त्या काळात फोनवर लेकरं पळवणाऱ्या टोळीच्या बातम्या फिरत होत्या. खऱ्या किती, खोट्या किती, कोण जाणे. ट्रस्टच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं की बाळंतिणींच्या वॉर्डला, म्हणजे दुसऱ्या मजल्याला, कार्डानं उघडणारं कुलूप बसवा. ती नाही म्हणाली. टाके घातलेल्या बायका कोंडून ठेवायच्या का, म्हणाली. बरीच खडाजंगी झाली. शेवटी तिनं अट घातली की कुलूप आगीच्या घंटेला जोडायचं. घंटा वाजली की दार आपोआप उघडलं पाहिजे, कुणाच्या कार्डाची, कुणाच्या परवानगीची वाट न बघता. तसं तिनं स्वतः बसवलं. रोज सकाळी येऊन त्या दारावर थाप मारून जायची.

आणि मग धुरी आली.

आपल्याकडं बाळाला न्हाऊमाखू घातलं की शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून धुरी देतात. नर्स म्हणून मी नोकरीभर सांगत आले की नका देऊ, लेकराच्या छातीला चांगलं नाही. आज्या मान डोलावतात. माझी पाठ वळली की कॉटखालून शेगडी निघते. वडवणीचा बाजार असला की विचारूच नका, बाजार उरकून एसटीनं आलेल्या दोन-दोन आज्या एका लेकराभोवती.

जुन्या इमारतीत धूर कौलांतून निघून जायचा. नव्या इमारतीत तो छतातल्या पांढऱ्या, लाल दिवा मिचकावणाऱ्या, धूर ओळखणाऱ्या गोल डबीत गेला आणि घंटा वाजली. लिफ्ट खाली गेली, दार उघडलं, एसी बंद झाले. आम्ही बाळं छातीशी धरून जिन्यानं पळत अंगणात आलो. सगळ्या बायका रडायल्या, आणि ही समोर उभी राहून विचारतेय, "दार उघडलं ना? आपोआप उघडलं? कुनी हात न्हाई ना लावला?" मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण दार उघडलं होतं, हे खरं.

दुसऱ्यांदा निम्म्याच बायका पळाल्या. पुढं पुढं कुणी हलेना. घंटा वाजली की शेजारच्या कॉटवरून आवाज यायचा, "कुनाच्या तरी लेकराला धुरी देयलेत." यातली भीती मला कळत होती आणि तिलाही. घंटा ऐकून पडून राहायची सवय लागली तर खऱ्या दिवशी काय होणार?

एका सकाळी तिच्या स्क्रीनवर आमच्या वॉर्डमधली एक डबी बिघडल्याचं दिसलं. ती धावत वर आली. बघते तर छतातल्या त्या डबीवर बाळाचं टोपडं. निळं, लोकरीचं, बंद नीट गाठ मारून बांधलेले. खाली कॉटवर एक आजी नातू मांडीवर घेऊन बसलेली.

"हे कुनी केलं?"

"माझ्या लेकानं. मी सांगितलं," आजी म्हणाली. "त्यो लाल डोळा दिवसभर लेकराकडं टकामका बगतोय. दिष्ट लागंल न्हाई तर काय."

मला वाटलं, आता हिचा भडका उडणार. ती कॉटवर चढली, टोपडं सोडलं, खाली उतरून आजीच्या शेजारी बसली. "आजी, त्यो डोळा न्हाई. नाक हाय. लेकरापाशी धूर आला की त्येला वास येतो. मग ते वरडतं, आन त्ये दार उघडतं. तुमाला तुमच्या सुनेला घिऊन पळता यावं म्हनून." आजीनं बराच वेळ वर पाहिलं. मग विचारलं, "मग धुरी कुटं द्यायची?"

बस. त्या प्रश्नानं ती पेटली. इतक्या वेळा घंटा वाजली, इतक्या बैठका झाल्या, पण हा प्रश्न आमच्यातल्या एकानंही विचारला नव्हता.

आठवड्याभरात तिनं उत्तर तयार केलं. वॉर्डच्या टोकाला उघडी गॅलरी आहे, तिथं एक लहान खोली. वर पत्र्याचं धुराडं, खाली फरशी, पाण्याचा नळ. छताला धुराची डबी नाही, तर उष्णता ओळखणारी, हॉटेलच्या भटारखान्यात असते तसली. नुसत्या धुरीनं ती वाजणार नाही, खरी आग लागली तर वाजेल. तीही स्क्रीनला जोडलेली. मी म्हणाले, "अगं, मी धुरी देऊ नका म्हणते आणि तू तिला खोली बांधतेस." ती म्हणाली, "तुमी सांगत ऱ्हावा, सिस्टर. तुमचं बरोबर हाय. पर जोवर करायलेत तोवर निखारा कॉटखाली नगं."

कागद घेऊन ती प्रशासकांकडं गेली. मी सोबत होते. आमचे प्रशासक म्हणजे इस्त्रीचा माणूस. शर्टाला, बोलण्याला, चेहऱ्यालासुद्धा इस्त्री. त्यांनी कागद पाहिला आणि हसले. "मॅडम, एवढी आधुनिक इमारत आपण उभी केली. आता अडाणीपणासाठी खोली बांधायची का?"

"सायब, तुमच्या आईनं तुमाला धुरी दिली न्हवती का?"

साहेब लाल झाले. मला हसू आवरेना. पण खोली काही झाली नाही. त्याऐवजी वॉर्डच्या भिंतीवर पाटी आली, येथे धुरी करण्यास सक्त मनाई आहे. आमच्या निम्म्या आज्यांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांनी शेगडी उचलून बाथरूममध्ये नेली. दाराला आतून कडी, खिडकी बंद. एके दिवशी मला तिथं प्लॅस्टिकची बादली अर्धी वितळलेली सापडली. जवळच खुंटीला कुणाचं तरी लुगडं लटकत होतं. ती बादली मी प्रशासकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. ते म्हणाले, "सिस्टर, शिस्त लावणं तुमचं काम आहे." त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

पुढं तिसऱ्या मजल्यावर नवा विभाग सुरू झाला. उद्घाटनाला बडे पाहुणे. हार, फेटे, फोटोवाले. पाहुणे आणि अध्यक्ष लिफ्टमध्ये शिरले, लिफ्ट वर निघाली, आणि आमच्या मजल्यावर एका आजीनं निखाऱ्यावर ओवा टाकला. लिफ्टनं शहाण्या मुलीसारखं पाहुण्यांना परत तळमजल्यावर आणून सोडलं. घंटा बंद केली, पाहुणे पुन्हा चढले, आणि तेवढ्यात त्याच आजीनं लसणाची सालं टाकली. पाहुणे पुन्हा खाली. फेटा वाकडा झालेला. आमच्या आया पदरात तोंड घालून हसत होत्या.

ती मात्र हसत नव्हती. तिनं पुढचं ओळखलं होतं.

पुढच्या आठवड्यात नारायणगडाची जत्रा होती. वडलांना दर्शनाला न्यायचं म्हणून तिनं सुट्टी घेतली. परत आली, जिन्याखाली गेली, आणि स्क्रीनपुढं उभी राहिली. दुसरा मजला हिरवागार. घंटा नाही, बिघाड नाही. तिनं मला बोलावलं. "सिस्टर, वर धुरी चालू हाय का?" वर त्याच वेळी दोन शेगड्या पेटल्या होत्या. मला डोळे चोळत यावं लागलं होतं.

तिच्या माघारी प्रशासकांनी दुसरा ठेकेदार आणून आमच्या मजल्याची अख्खी वायर काढून टाकली होती. आणि स्क्रीनवर बिघाड दिसू नये म्हणून त्या मजल्याला कायमचा हिरवा रंग देऊन ठेवला होता. धुराच्या डब्या मेल्या. त्यांच्याबरोबर दाराची वायरही गेली. आता आग लागली तरी ते दार कार्डाशिवाय उघडणार नव्हतं.

ती प्रशासकांच्या खोलीत शिरली तेव्हा मी तिच्या मागंच होते.

"बेल काढली. मग दार कोन उघडनार?"

"वॉचमन आहे ना."

"वॉचमन कुटं असतो?"

"गेटवर."

"आन कार्ड?"

"ऑफिसात. हे बघा मॅडम, दाराचं सगळं सिक्युरिटीकडं. ते माझ्याकडं येत नाही."

मी तिच्या हाताकडं पाहिलं. टेस्टर खिशात होता. तिनं तो बाहेर काढला. काही विचारलं नाही. जिना चढून वर आली, दुसऱ्या मजल्याच्या दाराशी बसली आणि एकेक स्क्रू काढून ते कुलूप सोडवलं. आज्या, बाळंतिणी भोवती जमल्या. कुलूप घेऊन ती खाली गेली आणि प्रशासकांच्या टेबलावर ठेवलं. "हे मी लावलतं. मीच काढलं. आता हे माझ्याकडं येत न्हाई," एवढंच म्हणाली. त्याच दिवशी तिचं काम संपलं. मालमत्तेचं नुकसान केलं, असं कारण दिलं. नुकसान! वायर तोडणारे मोकळे, आणि स्क्रू काढणारी गुन्हेगार.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला साखळी आली. जाड लोखंडी, दाराला पाडलेल्या भोकांतून ओवायची, आणि तिला साधं टाळं. दुपारी भेटीची वेळ संपली की वॉचमन येऊन लावतो. चावी त्याच्याकडं, तो गेटवर. आणि जिन्याखालच्या खोलीत पाहुणे येतात, प्रशासक स्क्रीन दाखवतात, संपूर्ण इमारत एका ठिकाणाहून चालते म्हणून सांगतात. पाहुणे माना डोलावतात. मी लेखी तक्रारी दिल्या. उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे.

मग मी वॉर्डमध्ये उभी राहिले आणि आज्यांना सगळं खरं सांगितलं. डबी मेलेली आहे. घंटा वाजणार नाही. साखळी लागली की आपण आत. पाठीत वाकलेली एक आजी उठली, तिनं आपली वाकळ उचलली आणि थेट दाराच्या उंबऱ्यात अंथरून आडवी झाली. दुपारी वॉचमन साखळी घेऊन आला.

"आजी, उठा. दार लावायचंय."

"लाव की. माझ्या अंगावरनं लाव."

तो बिचारा उभा राहिला आणि निघून गेला. तेव्हापासून ज्या आज्या येतात त्यांना जाणाऱ्या आज्या सांगून जातात. कुणी ना कुणी उंबऱ्यात झोपलेली असते. शेगड्याही मला दाखवून गॅलरीत पेटवतात. मला त्याचं मोठं समाधान होतं. आपण जिंकलो असं वाटायचं.

परवा दुपारी तिचा फोन आला. ती आता लांब कुठल्या तरी विमानतळाच्या कंट्रोल रूममध्ये आहे. कशी आहेस, बरी आहेस, काही नाही. थेट विचारलं, "दार?"

"उघडं आहे," मी म्हणाले, आणि फुशारकीनं तिला आज्यांची सगळी हकिगत सांगितली. वाटलं, हसेल. शाब्बास म्हणेल.

ती हसली नाही.

"म्हातारीला दाराचं काम द्यायचं व्हतं, तर मी वायरी कशाला वडल्या, सिस्टर?"

मी वळून दाराकडं पाहिलं.

"आन खरंच आग लागली," ती म्हणाली, "तर पळनारीचा पयला पाय त्या म्हातारीच्याच अंगावर पडंल."

फोन तिनं ठेवला. उंबऱ्यात आजी तोंडावर पदर घेऊन झोपली होती. मी तिला उठवायला वाकले, तेवढ्यात जिन्यात वॉचमनच्या साखळीचा आवाज आला. मी तिला उठवलं नाही. तशीच तिच्या शेजारी खाली बसले.